हॅना-बार्बेराच्या कपाटाची किल्ली ज्यांच्या हाती आहे, त्यांना

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. इथल्या एका लहान संस्थेत मुलांना ॲनिमेशन शिकवते. त्याआधी नऊ वर्षं मुंबईत याच धंद्यात होते. हॅना-बार्बेरा या अमेरिकन कार्टून स्टुडिओनं १९५७ पासून पुढं चाळीसेक वर्षं जे काही काढलं, त्या सगळ्याचे हक्क आज तुमच्याकडे आहेत. म्हणून पत्र तुम्हाला. पण ते उघड्यावर लिहिते आहे, कारण ही चित्रं बघत जे मोठे झाले त्यांनीही ते वाचावं आणि माझी मागणी रास्त आहे का ते ठरवावं.

निमित्त सांगते. माझी धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे बूमरँग या जुनी कार्टून दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेची वर्गणी होती. मागच्या खेपेला तिच्याकडे दोन महिने राहिले, तेव्हा घरातली सगळी निजली की मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसायची. एका हातात पेन, दुसरा हात थांबवायच्या बटणावर. योगी बेअर या अस्वलाच्या कार्टूनच्या एका भागासाठी माझी वहीची अकरा पानं भरली. ३० सप्टेंबर २०२४ रोजी ती सेवा बंद झाली. वर्गणीदारांना दुसऱ्या मोठ्या सेवेकडे नेलं गेलं, पण बूमरँगवर होतं ते सगळं काही तिकडे गेलं नाही. बहिणीनं फोनवर सांगितलं, "ताई, तुझी अस्वलं गेली गं."

त्यानंतर वर्गात एका मुलीनं हात वर केला. कुपवाडची मुलगी, वडील पॉवरलूमवर. तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही सांगता ते कुठं बघायला मिळंल?" मला उत्तर देता आलं नाही. चोरून चढवलेल्या, कडा कापलेल्या, रंग उडालेल्या तुकड्यांकडे बोट दाखवायचं की गप्प बसायचं, एवढेच दोन मार्ग होते. त्या दिवशी मी गप्प बसले. आज बसत नाही.

माझा या चित्रांशी संबंध काय, ते आधी सांगायला हवं. १९९५ च्या मे महिन्यात कार्टून नेटवर्क भारतात आलं. आमच्या गल्लीत केबलवाल्यानं ते वर्षभरानं दिलं. तेव्हा सगळं इंग्रजीत असायचं आणि आमच्या घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हतं. ठरलेल्या वेळी कार्टून थांबायचं आणि त्याच वाहिनीवर जुने इंग्रजी सिनेमे सुरू व्हायचे, त्या क्षणाचा आम्हा भावंडांना भारी राग यायचा. पण तोवर जे दिसायचं ते आम्हाला पुरतं कळायचं. फ्रेड फ्लिंटस्टोन दगडी गाडीत बसून पायांनी पळायला लागला की आजीसुद्धा माळ बाजूला ठेवायची. "हा बाप्या नुसता ओरडतो, घर चालवते ती बाई," असं ती त्याच्या बायकोकडे, विल्माकडे बघून म्हणायची. एक शब्द न कळता त्या बाईनं पात्रं बरोबर ओळखली होती. पुढं या धंद्यात आल्यावर मला समजलं, की हे असं कळावं यासाठी कुणीतरी जीव ओतून काम केलेलं असतं. खांदे किती रुंद, नाक कुठं, कोण झुकून उभा राहणार आणि कोण ताठ, हे एड बेनेडिक्ट नावाच्या माणसानं कागदावर पक्कं केलेलं होतं. फ्रेड, त्याचा शेजारी बार्नी, योगी, हकलबेरी नावाचा कुत्रा, या सगळ्यांच्या रेषेमागं त्याचा हात आहे.

आता योगीच्या कॉलरबद्दल. माझा दर वर्षीचा पहिला धडा हाच असतो.

अस्वल उघडं, अंगात कपडा नाही, पण गळ्यात कॉलर आणि टाय आहे. का? मुलं म्हणतात, गंमत म्हणून. मग मी हिशेब मांडते. सेकंदाला २४ फ्रेम. दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं. सात मिनिटांचं कार्टून म्हणजे ४२० सेकंद, म्हणजे ५,०४० चित्रं, आणि तीही एकाच पात्राची. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या दोघांनी १९४० पासून हॉलीवूडच्या एमजीएम कंपनीत टॉम अँड जेरी अशाच पद्धतीनं केलं आणि सात ऑस्कर मिळवले. १९५७ मध्ये एमजीएमनं तो विभागच बंद केला. दोघं रस्त्यावर आले. टीव्हीवाल्यांनी 'रफ अँड रेडी' या त्यांच्या मालिकेच्या पाच मिनिटांच्या एका भागाला देऊ केले साधारण २,७०० डॉलर. एमजीएममध्ये एका कार्टूनला लागायचे त्याचा हा लहानसा तुकडा. त्या पैशांत पाच हजार चित्रं होत नाहीत. मग त्यांनी अस्वलाच्या गळ्यात कॉलर बांधली. कॉलरच्या वरचं डोकं एका सेलवर, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक पत्र्यावर, खालचं धड दुसऱ्या सेलवर. योगी बोलतो तेव्हा धड जागच्या जागी राहतं आणि फक्त डोकं बदलतं. कधी कधी तर फक्त तोंड. दोन सेलांमधला सांधा कॉलरखाली झाकला जातो.

हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते, ती तुम्ही एकदा येऊन बघावी. मुलं पुन्हा पहिल्या फ्रेमवर जातात. मग त्यांना सगळीकडे तेच दिसायला लागतं: फ्रेडच्या तोंडाभोवतीचा वेगळ्या रंगाचा पट्टा, हकलबेरीच्या गळ्यातला बो, टॉप कॅटचं जाकीट. फ्रेड घरात पळतो तेव्हा मागून तीच खिडकी आणि तोच दिवा पुन्हा पुन्हा जातो. कुपवाडच्या त्या मुलीनं मोजलं आणि मोठ्यानं आकडा सांगितला. आमच्या संस्थेत ना महागडी यंत्रं आहेत ना मोठी टीम. चार जणांनी महिन्याभरात तीन मिनिटांचं काम पुरं करायचं असतं. आमच्यासारख्यांना कमीत कमी चित्रांत पात्र जिवंत कसं ठेवायचं हे शिकायचं असेल, तर याहून चांगलं पुस्तक नाही. आणि ते पुस्तक तुमच्या कपाटात आहे.

या कामाला पूर्वीपासून नावं ठेवली गेली, हे मला माहीत आहे. चक जोन्ससारख्या मोठ्या कार्टून दिग्दर्शकानं टीव्हीवरच्या अशा ॲनिमेशनला 'चित्रांचा रेडिओ' म्हटलं होतं. हलणं कमी आणि बोलणं जास्त, असा त्याचा रोख. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मी म्हणेन, की तो रेडिओ काय ताकदीचा होता! डॉज बटलर एकटा योगी, हकलबेरी आणि इतर कितीतरी पात्रांचे आवाज करायचा. डॉन मेसिक कधी योगीचा छोटा सोबती बू-बू, कधी जंगलाचा रखवालदार रेंजर स्मिथ, पुढं स्कूबी-डू हा कुत्रा. बार्नीचा आवाज मेल ब्लँकचा. १९६१ च्या जानेवारीत त्याला गाडीचा भीषण अपघात झाला. अंगभर प्लास्टर होतं. काही भागांपुरतं बटलरनं त्याचं काम सांभाळलं आणि मग ब्लँकनं पडल्या पडल्या, तोंडाशी माइक आणून बार्नी बोलायला सुरुवात केली. चित्रं कमी होती म्हणून आवाजांनी भार उचलला. त्याला होयट कर्टिनच्या संगीताची जोड होती. बटलर, मेसिक आणि स्टुडिओतले बाकीचे मिळून १९५८ मध्ये 'हकलबेरी हाउंड शो' घेऊन आले आणि १९६० मध्ये त्याला एमी हे टीव्हीचं मोठं पारितोषिक मिळालं. ॲनिमेशनच्या कार्यक्रमाला मिळालेलं ते पहिलं एमी. त्याच वर्षी 'द फ्लिंटस्टोन्स' रात्रीच्या वेळी, मोठ्यांसाठी म्हणून सुरू झालं आणि १९६६ पर्यंत त्याचे १६६ भाग झाले.

आता माझ्या तक्रारी.

पहिली अगदी साधी आहे. हे काम बघायला मिळत नाही. स्कूबीचे नवे सिनेमे सापडतात, टॉम अँड जेरी तर कुठंही सापडतो. पण स्टुडिओचं काम पहिल्यापासून, क्रमानं, मूळ रूपात एका जागी बघायचं म्हटलं तर मिरजेत बसलेल्या बाईला तशी जागा नाही. 'जॉनी क्वेस्ट' आणि 'फ्लिंटस्टोन्स'चे सुंदर दुरुस्त केलेले ब्लू-रे संच निघाले, त्याबद्दल मी मनापासून आभार मानते. ज्यांनी ते काम केलं त्यांनी जीव लावून केलं आहे. पण ते संच परदेशातून मागवायचे, वर जकात भरायची आणि ते चालवायला यंत्र आणायचं, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या आवाक्यातलं नाही. 'हकलबेरी हाउंड'च्या पहिल्या वर्षाचा डीव्हीडी संच २००५ मध्ये निघाला आणि मग वर्षानुवर्षं पुढचा आलाच नाही. आड काय आलं, तर त्या काळी भाड्यानं घेतलेल्या तयार संगीताचे हक्क. पहिलं एमी मिळवलेल्या मालिकेची ही गत असेल, तर 'क्विक ड्रॉ मॅग्रॉ' किंवा 'रफ अँड रेडी'ची काय आशा धरायची?

दुसरी तक्रार नावांची. ही मला सगळ्यात जास्त टोचते.

मुंबईत मी ज्या स्टुडिओत होते, तिथं परदेशी मालिकांचं काम यायचं. डिझाइन तिकडचं, कथा तिकडची, आवाज तिकडचे, आणि हलवायचं आम्ही. रात्री अडीच-अडीचपर्यंत बसून केलेले सीन मी पुढं टीव्हीवर पाहिले. भाग संपल्यावर नावं यायची तेव्हा आईला हाक मारून बोलवायचे. माझं नाव कधीच आलं नाही. कंपनीचं नाव एका ओळीत, माणसांची नाहीत. आई म्हणायची, "असू दे, पुढच्यात येईल." नऊ वर्षं ती तेच म्हणाली.

म्हणून नाव पुसणं म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. 'फ्लिंटस्टोन्स'च्या पहिल्या दोन वर्षांच्या भागांना सुरुवातीला 'राइज अँड शाइन' ही धून होती. आज सगळे गुणगुणतात ते 'मीट द फ्लिंटस्टोन्स' तिसऱ्या वर्षात आलं. पुढं पुनःप्रसारणासाठी भाग विकताना त्या पहिल्या दोन वर्षांनाही नवी सुरुवात आणि ठरावीक शेवट जोडून दिला गेला. त्यामुळं कितीतरी भागांच्या शेवटी भलत्याच माणसांची नावं येऊ लागली. ज्यानं तो भाग हलवला त्याचं नाव तिथं नाही. मूळ सुरुवात-शेवट शोधून परत जोडायचं काम पुढं काही जाणत्या माणसांनी केलं, पण फिरत राहिल्या त्या जुन्या प्रतीच.

हकलबेरीच्या काळात तर एका लहान कार्टूनचं सगळं ॲनिमेशन बहुधा एकच माणूस करायचा. म्हणजे ते जवळजवळ त्याचं हस्ताक्षरच. कार्लो विंचीचा योगी वेगळा चालतो, केन म्यूजचा वेगळा. सरावलेला डोळा ते फरक ओळखतो. पण अर्ध्या तासाच्या शेवटी सगळ्यांची नावं एकत्र यायची, कुणी कोणतं कार्टून केलं ते नाही. आज जगभरची जाणकार मंडळी पापण्यांच्या आणि दातांच्या रेषेवरून, अंदाजानं कोण कुठं होता ते शोधत बसतात. स्टुडिओचे निर्मितीचे कागद तुमच्या ताब्यात असतील, तर हे एका दुपारचं काम आहे. कागद उघडा. आणि सेलवर शाई आणि रंग भरणाऱ्या बायकांची नावं तर तेव्हाही कुणी पडद्यावर लिहिली नाहीत. निदान ती तरी आता लिहा.

इवाओ ताकामोटोचं उदाहरण घ्या. जपानी वंशाचा अमेरिकन मुलगा. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कुटुंबाला कॅलिफोर्नियातल्या मांझानारच्या छावणीत डांबलं गेलं. तिथं कोंडलेल्याच इतर माणसांकडून तो चित्रकला शिकला. पुढं डिस्नेत गेला, मग हॅना-बार्बेरात आला आणि १९६९ च्या स्कूबी-डूला त्यानं रूप दिलं. ग्रेट डेन जातीची कुत्री पाळणाऱ्या एका सहकारी बाईंना त्यानं विचारलं, उत्तम ग्रेट डेन कसा दिसतो? त्यांनी सांगितलेल्या सगळ्या लक्षणांच्या उलट त्यानं काढलं. पाठ वाकडी, पाय वाकडे, हनुवटी दुहेरी. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे हात कापतात, रेघ सरळ येत नाही म्हणून तो खचला होता. ही गोष्ट ऐकल्यावर त्यानं घरी जाऊन बावीस वाकडी कुत्री काढून आणली. स्कूबी जगातली पोरं ओळखतात, ताकामोटो किती जण ओळखतात?

तिसरी गोष्ट २०२२ च्या ऑगस्टची. 'स्कूब! हॉलिडे हॉन्ट' हा सिनेमा जवळजवळ पुरा झाला असताना तो प्रदर्शित करायचा नाही असं ठरलं. कारण आर्थिक, असं सांगितलं गेलं. वादकांचे आणि ध्वनिमुद्रणाच्या जागेचे पैसे आधीच भरले होते म्हणून, सिनेमा येणार नाही हे माहीत असतानाही त्याचं संगीत ध्वनिमुद्रित केलं गेलं, असं निर्मात्यांपैकी एकानं तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. मी ते वाचलं आणि माझ्या पोटात कालवलं. आपलं वाजवलेलं कुणी ऐकणार नाही, हे माहीत असताना ती माणसं वाजवत होती. ॲनिमेशनमध्ये एका माणसाची दोन-दोन, तीन-तीन वर्षं एका सिनेमात जातात. तुमच्या वहीत तो आकडा असेल, पण त्या मुलांच्या हातात दाखवायला काही उरत नाही. नवं काम मागताना 'हे मी केलं' म्हणून काय दाखवायचं त्यांनी?

यापुढची गोष्ट आपल्या देशाशी थेट जोडलेली आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. १९६४ च्या 'जॉनी क्वेस्ट'मध्ये हाजी नावाचा कोलकात्याचा अनाथ मुलगा आहे. जॉनीचे वडील डॉक्टर क्वेस्ट त्याला दत्तक घेतात. डोक्याला फेटा, नाव हज करून आलेल्या माणसाला लावतात तसं, आणि मंत्र म्हणून 'सिम सिम सलाबिम'. लांबून बघणाऱ्यानं आपल्याकडचं जे जे ऐकलं ते सगळं एकत्र कालवलेलं आहे. ते चुकीचं आहे, आणि आज बघताना खटकतं. तरीही लहानपणी मला हाजी आवडायचा. टीव्हीवरच्या त्या परक्या जगात आपल्या रंगाचा तो एकटाच मुलगा होता आणि तो हुशार होता, जॉनीला कितीदा तरी वाचवायचा. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून माझं म्हणणं, कापू नका आणि लपवूही नका. टॉम अँड जेरीच्या जुन्या संचांवर, ही चित्रं त्या काळची आहेत, त्यातलं चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही चूक आहे, अशी सूचना लावली गेली होती. तशी इथंही लावा. मला वर्गात हे दाखवून मुलांशी बोलायचं आहे. कापलेल्या फिल्मवर काय बोलणार?

चांगलं तेवढंच ठेवा असंही मी म्हणत नाही. सत्तरच्या दशकात या स्टुडिओनं स्कूबीच्या यशाचा साचा करून तो घासून घासून वापरला. तीन-चार तरुण पोरं, एक बोलणारा प्राणी, गाडी किंवा भूत आणि एक रहस्य. 'स्पीड बगी', 'फंकी फँटम', 'जॅबरजॉ', सगळं त्याच घाण्यातलं. मला ते काम फिकं वाटतं आणि वर्गात मी तसं सांगते. पण फिकं का झालं हे शिकायचं तर तेही डोळ्यांपुढं हवं. दर शनिवारी सकाळी वाहिन्यांना इतके तास भरून हवे होते, की माणसं कमी पडली. मग काम ऑस्ट्रेलियात गेलं, तैवानला गेलं, फिलिपिन्सला गेलं. काम बाहेर जातं म्हणून हॉलीवूडच्या ॲनिमेटरांनी १९७९ मध्ये आणि पुन्हा १९८२ मध्ये संप केला. त्याच वाटेनं काम पुढं आमच्याकडेही आलं. माझी रोजीरोटी त्या वाटेवरची आहे. त्या संपकऱ्यांची बाजूही मला समजते आणि तैपेईच्या दिव्याखाली बसलेल्या मुलीचीही. हा आमच्या धंद्याचा इतिहास आहे, आणि तो त्या फिक्या भागांतही आहे.

शेवटची तक्रार भाषेची. इंग्रजीनंतर पुढं ही पात्रं हिंदीत बोलू लागली. आमच्या गल्लीतल्या पोरांनी 'स्वॅट कॅट्स' हिंदीतच पाठ केलं. १९९३ ते १९९५ या काळात निघालेल्या त्या मालिकेवर भारतातल्या मुलांनी केलेलं प्रेम आजही कमी झालेलं नाही. तिशी-चाळिशीतली माणसं भेटली की अजून टी-बोन आणि रेझरबद्दल बोलतात. ते हिंदी आवाज इथल्या कलाकारांनी दिले होते. त्यांची मूळ ध्वनिमुद्रणं जपली आहेत का, कुठं आहेत, कोणत्या स्थितीत आहेत, हे तुम्ही आजवर सांगितलेलं नाही. फिती वर्षानुवर्षं तशाच राहिल्या तर खराब होतात, त्या काही वाट बघत थांबत नाहीत. आणि मराठीचं काय? मराठी रंगभूमीवर आवाजाची माणसं रग्गड आहेत. फ्रेड मराठीत ओरडला असता तर आजीला विल्माचे टोमणेही कळले असते.

तुम्हीच एक गोष्ट आठवून बघा. हा स्टुडिओ १९६७ मध्ये टाफ्ट या प्रसारण कंपनीकडे गेला, १९९१ मध्ये टेड टर्नरच्या कंपनीकडे, १९९६ मध्ये टर्नरसकट टाइम वॉर्नरकडे. टेड टर्नरनं तो घेतला तो या जुन्या चित्रांसाठी. त्या साठ्याच्या जोरावर १९९२ मध्ये कार्टून नेटवर्क उभं राहिलं. हॅना-बार्बेराच्याच छपराखाली पुढं 'डेक्स्टर्स लॅबोरेटरी', 'जॉनी ब्राव्हो' आणि 'पॉवरपफ गर्ल्स' जन्मले. ते काढणारी तरुण पोरं लहानपणी हीच जुनी चित्रं बघत वाढलेली होती. २००१ मध्ये हॅना गेले, स्टुडिओचं नावही दुसऱ्या खात्यात विरून गेलं. २००६ मध्ये बार्बेरा गेले. मालक बदलत राहिले आणि प्रत्येकाला कपाट आयतं मिळालं. उद्या तेही बदलतील. म्हणून तुमच्या हातात आहे तोवर हे करून ठेवा:

हॅना-बार्बेराच्या सगळ्या कामाची यादी जाहीर करा. मालिकेचं नाव, साल, किती भाग, मूळ निगेटिव्ह आहे की नाही, त्याचं डिजिटल रूप झालं आहे की नाही. जे हरवलं असेल तेही लिहा. जगात कुठंतरी कुणाच्या माळ्यावर एखादी प्रत असेल, पण काय हरवलंय हे कळल्याशिवाय तो माणूस माळा कशाला उघडेल?

सगळं काम, मूळ सुरुवात-शेवटासकट, भारतातून रीतसर पैसे भरून बघता येईल अशी एक जागा द्या. फुकट मागत नाही. माझ्या वर्गातली मुलं वडापावच्या पैशातून वर्गणी भरतील, याची खात्री मी देते.

शिकवण्यासाठी वेगळा, स्वस्त परवाना ठेवा. वर्गात फ्रेम-फ्रेम थांबवून दाखवता येईल असा. मोठ्या शहरातल्या नामवंत संस्थांपुरता तो नको, मिरज, लातूर, सावंतवाडीच्या लहान वर्गांनाही मिळेल असा हवा.

कुणी कोणता भाग ॲनिमेट केला, लेआउट कुणाचं, बॅकग्राउंड कुणी रंगवलं, सेलवर शाई आणि रंग कुणी भरला, याच्या नोंदी खुल्या करा. तैवान, फिलिपिन्स आणि ऑस्ट्रेलियातल्या माणसांच्या नावांसकट.

भारतीय भाषांतल्या ध्वनिमुद्रणांचा शोध घ्या, आणि एक प्रत पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात ठेवण्याबद्दल त्यांच्याशी बोला. मराठीत दहा भागांपासून सुरुवात करून बघा.

'स्कूब! हॉलिडे हॉन्ट' लोकांपुढं आणा. तुम्हाला स्वतः दाखवायचा नसेल तर जो दाखवायला तयार असेल त्याला द्या.

आमची नवी तुकडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू होते. आत्तापर्यंत सतरा जणांनी नाव घातलं आहे. पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, फळ्यावर अस्वल काढून मी त्याच्या गळ्यात कॉलर काढणार आहे, आणि मुलं विचारणार आहेत, हे कुठं बघायचं. त्यांना काय सांगू, ते तोवर कळवावं.

आपली,
ॲनिमेशनची एक शिक्षिका,
मिरज